गरुडांच्या हद्दीत

वलगावची संध्या तायडे एसटीत कंडक्टर. चिखलदऱ्याच्या फेरीवर असताना खिडकीतून तिनं घाटावर माणसांना घेऊन तरंगणारे रंगीत पंख पाहिले आणि तिचं तिकिटावरचं लक्षच उडालं. पुढच्या सुटीत ती थेट डोंगरावर गेली, गोवर्धनदादांकडं. सैन्यातून निवृत्त झालेला हा माणूस पोरांना पॅराग्लायडिंग शिकवायचा. दोन हिवाळ्यांत संध्या एकटी उडू लागली.

त्या फेब्रुवारीत पूर्वेच्या कड्यावर गरुडाच्या जोडीनं घरटं केलं होतं. गोवर्धनदादांनी सगळ्यांना बजावलं होतं, "तिकडं जाऊ नोका. पिल्लं हायत त्याहिचे."

संध्या तिकडं गेली, पण मुद्दाम नाही. दुपारी हवा पडली, तिचा पंख खाली बसू लागला. समोर एक गरुड पंख न हलवता वर वर चढत होता. तिथं वर उचलणारी ऊन हवा असणार, हे तिला ठाऊक होतं. ती त्याच्या मागं गेली. चढलीही. कडा जवळ आला तेव्हा उशीर झाला होता.

वरून कर्कश चीत्कार आला. पाठोपाठ कापड टर्रकन फाटल्याचा आवाज. मादी होती ती, नरापेक्षा थोराड. घिरटी घेऊन ती पुन्हा आली, आणि या वेळी तिचा पाय दोऱ्यांत अडकला.

पंखाची डावी बाजू चिंध्यांसारखी मिटली. संध्या गरगरा फिरू लागली. कडा, आभाळ, सागाचं जंगल, पुन्हा कडा. डोक्यावर ती मादी जिवाच्या आकांतानं फडफडत होती.

"संध्ये, छत्री फेक!" वॉकीटॉकीतून गोवर्धनदादा ओरडले.

मांडीजवळच्या राखीव छत्रीच्या, म्हणजे पॅराशूटच्या, मुठीवर तिचा हात गेला. पण छत्री उघडली की सगळा गुंता एक होणार, मादी त्यात आवळली जाणार, आणि वारा दोघींना कड्यावर आपटणार.

"दादा, ते अडकली हाय!"

"मरू दे तिले! तू फेक!"

संध्यानं मूठ सोडली नाही, ओढलीही नाही. दुसऱ्या हातानं उजवी दोरी हळूहळू खाली खेचत ती फिरणं आवरू लागली. दात एवढे आवळले होते की जबडा दुखत होता. फिरणं मंदावलं. दोरी क्षणभर सैल पडली. मादीनं जोरात झटका दिला, पाय सुटला, आणि ती दगडासारखी खाली गेली. मग पंख उघडून कड्याकडं वळली.

मिटलेली बाजू फटकन उघडली. खाली सागाचे शेंडे आले होते. ते पायांना घासले, आणि पुढच्या हरभऱ्याच्या शेतात संध्या गुडघ्यांवर आदळली आणि खांद्यावर कलंडली.

गोवर्धनदादा धापा टाकत आले. फाटक्या कापडावरून हात फिरवू लागले. मग म्हणाले, "पिल्लं उडेपर्यंत इकडं कोणीच उडणार नाही. मी बी नाही."

घरी आईनं, ललिताबाईंनी, सुजलेल्या खांद्यावर हळद लावता लावता सगळं ऐकलं.

"तुले भ्या नाही वाटलं?"

"वाटलं ना. अजून वाटून रायलं."

"मंग आता सोडशील ना हे?"

संध्यानं खांदा वर-खाली करून पाहिला, किती दिवसांत बरा होईल ते. ललिताबाईंनी उत्तर ओळखलं, आणि हळदीचा हात जरा जोरातच दाबला.

"आई गं!"

"दुखू दे," ललिताबाई म्हणाल्या.