कवळीशेठची मोटारसायकल

मोटारसायकल पडली ती सरळ नऊ माणसांच्या जबड्यांवर.

माणसं जागेवर नव्हती, हे त्यांचं नशीब. ती आपापल्या घरी मऊ मऊ गिळत कवळीची वाट बघत होती. इथे अंगणात, भिंतीलगतच्या लाकडी फळीवर वाळत होते ते त्यांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, एक वरचा आणि एक खालचा अशा जोडीने. फळीशेजारी सासऱ्यांची नवीकोरी, साडेतीन लाखांची मोटारसायकल तिरक्या स्टँडवर उभी होती. जावई तिच्यावर चढला नसता तर ती संध्याकाळपर्यंत तशीच उभी राहिली असती.

चढायचं तसं काही कारण नव्हतं. तो आला होता ती गाडी सासऱ्यांना विकायला लावण्यासाठी. पण ज्या वस्तूविरुद्ध तासभर बोलायचंय ती एकदा बुडाखाली घेऊन बघावी, असा एक अभ्यासू विचार त्याच्या मनात आला. वेळही बरी होती. सासूबाई लेकीला घेऊन भाजी आणायला गेल्या होत्या आणि सासरे आतल्या खोलीत मशीनवर कुणाची तरी कवळी घासत बसले होते. ते मशीन चालू असताना घराचं छप्पर उडालं असतं तरी सासऱ्यांना ते डोक्यावर ऊन आल्यावरच कळलं असतं. जावयाने टांग मारली, हँडल धरलं आणि गाडी सरळ केली. साडेतीन लाख वजनाला किती भरतात, हे त्याला त्या क्षणी समजलं. गाडी सरळ झाली खरी, पण तिथे थांबायचा तिचा विचार नव्हता. ती पलीकडे कलली, आणि जावयाने अलीकडे उडी मारली.

उचलायचा प्रयत्न त्याने करून पाहिला. पहिल्या खेपेला गाडी हलली नाही. दुसऱ्या खेपेला त्याची कंबर हलली. मग तो गाडीचा नाद सोडून जबड्यांकडे वळला. काही शाबूत होते, बऱ्याच जणांचे दोन-दोन तीन-तीन तुकडे झाले होते. खिडकीत सासूबाईंनी चपलेसाठी आणून ठेवलेली गोंदाची ट्यूब होती, झटकन चिकटणाऱ्या जातीची. जावई उकिडवा बसला आणि शाळेतल्या हस्तकलेच्या तासानंतर पहिल्यांदाच इतकं मन लावून काहीतरी चिकटवू लागला. प्रत्येक साच्याच्या बुडाशी सासरे खिळ्याने नंबर कोरत असत. त्या नंबरांचा भुगा झाला होता. त्यामुळे जो ज्याला बसेल तो त्याला बसवत त्याने फळीच्या मोकळ्या टोकाला जोड्या लावल्या. शेवटी एक प्लास्टरचा सुळा उरला. तो कुणाचा म्हणून बघायला गेला, तर सुळा त्याच्याच अंगठ्याला चिकटला. ओढला, येईना. जावयाने तो हात पँटच्या खिशात घातला.

या घराचे मालक, म्हणजे त्याचे सासरे, बाजारात कवळीशेठ म्हणून ओळखले जात. शेठपणाचं त्यांच्याकडे काही नव्हतं. समोरच्या चष्मेवाल्याने ती पदवी चेष्टेने दिली आणि त्यांनी ती न हसता ठेवून घेतली. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवत आणि कवळीशेठ त्यावरून आधी प्लास्टरचा साचा आणि मग कवळी करून देत. आयुष्यभर हेच केलं. निम्मं शहर त्यांनी केलेल्या दातांनी चावत होतं आणि त्यांना कुणी ओळखत नव्हतं, कारण बाहेर पाटी डॉक्टरांची. याचा राग त्यांनी सगळ्यांना सारखा वाटून दिला होता. डॉक्टरांवर राग, कारण काढायचे पैसे त्यांना जास्त आणि घालायचे ह्यांना कमी. पेशंटवर राग, कारण कवळी टोचते म्हणून तक्रार करतात आणि रात्री पेल्यात ठेवायला विसरतात. जावयावर राग होता तो लग्नापासूनचा. त्याला मात्र काही कारण लागत नव्हतं.

"लोक दात घासत नाहीत म्हणून तुमचं चाललंय बाबा," असं जावई एकदा गमतीने म्हणाला होता. कवळीशेठनी त्याच्या उघड्या तोंडात निरखून पाहिलं आणि म्हणाले, "उजवी दाढ गेलीय तुमची. तुम्हीही हातभार लावणार आहात." तेव्हापासून जावई त्यांच्यासमोर ओठ मिटून हसत असे. ते त्याला 'जावईबापू' म्हणत, अहो-जाहो करत, आणि त्या अहो-जाहोतून अशी काही थंड हवा सोडत की त्यापेक्षा अरे-तुरे परवडलं असतं.

हा माणूस आधी सायकलवरून आणि मग पायडल मारून सुरू करायच्या मोपेडवरून, जेवणाच्या डब्यात कापूस घालून कवळ्या पोचवत आला होता. एकदा डब्यांची अदलाबदल झाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी उघडला त्या डब्यात कवळीशेठचं जेवण निघालं, आणि कवळीशेठ जेवायला बसले तर डब्यातून एका निवृत्त न्यायाधीशांची बत्तिशी त्यांच्याकडे बघत होती. एवढं होऊनही मोपेड बदलली नाही, डबा बदलला नाही. आणि मागच्या महिन्यात, घरात कुणाला अवाक्षर न बोलता, ते शोरूममध्ये गेले आणि साडेतीन लाख रोख मोजून ही मोटारसायकल घेऊन आले.

त्या साडेतीन लाखांवर जावयाची नजर होती. नुसती नजर कसली, मनातल्या मनात त्याने ते खर्चून टाकले होते. त्याने एका फ्लॅटचा बयाणा भरला होता. महिनाअखेर पुढची रक्कम भरली नाही तर बयाणा बुडणार आणि फ्लॅट दुसऱ्या कुणाच्या घशात जाणार, असं बिल्डरने गोड आवाजात सांगितलं होतं. ती रक्कम सासरे देतील, हे जावयाने गृहीत धरलं होतं. त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. आपल्याच माणसाला काय विचारायचं, असं त्याला मोठ्या प्रेमाने वाटलं होतं.

फाटक वाजलं. सासूबाई आणि बायको भाजीच्या पिशव्या घेऊन आत आल्या.

"अगं बाई, ही कुणी पाडली?" सासूबाई म्हणाल्या.

"पडली," जावई म्हणाला. "आपोआप. मी नुसता इथे उभा होतो."

जावई विमा कंपनीत होता. अपघाताचे दावे तपासायचे आणि जमतील तेवढे फेटाळायचे, हे त्याचं काम. 'गाडी उभी होती, आपोआप पडली' असं लिहिणाऱ्याला त्याने आजवर दमडी मिळू दिली नव्हती. तेच वाक्य आज त्याच्या तोंडून गेलं, आणि गेल्यावर त्याला स्वतःलाच बऱ्यापैकी पटलं.

सासूबाईंना तर तत्काळ पटलं. "पडणारच. हे धूड उभं राहतंय होय? उद्या ह्यांच्या पायावर पडलं म्हणजे मीच बसायचंय पाय चेपत."

एवढ्यात मशीन थांबलं आणि कवळीशेठ हातावरची पांढरी पूड झटकत बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग तिघांकडे पाहिलं. आणि गाडीला एका बाजूने धरलं. मग चौघांनी मिळून गाडी उभी केली. जावयाने एकाच हाताने जोर लावला. त्या घरात चौघांनी मिळून केलेलं हे कित्येक वर्षांतलं पहिलं काम.

"विकून टाका आता बाबा," लेक म्हणाली.

"का?"

"का काय? पडते ती."

"तूही पडायचीस. तुला विकली नाही."

जावयाने घसा साफ केला. "हा भावनेचा प्रश्न नाही बाबा, हिशेबाचा आहे. मोटारसायकलवर माणसाने तीन महिन्यांच्या कमाईपेक्षा जास्त पैसे घालू नयेत, असा नियमच आहे."

"कुणाचा?"

"सगळीकडे मानतात."

"मग सगळ्यांना म्हणावं घ्या तीन महिन्यांच्या कमाईतली. मी अडवलंय?"

हा नियम जावयाने येताना सिग्नलला थांबला असताना तयार केला होता, त्यामुळे त्याचा पुढचा भाग त्याच्याकडे नव्हता. सासूबाई मदतीला धावल्या.

"एवढ्या पैशांत माझं अख्खं स्वयंपाकघर नवं झालं असतं. त्या गळक्या नळाला फडकी बांधून बांधून माझे हात गेले."

"नळ बदलायला साडेतीन लाख लागत नाहीत."

"मग बदललात का?"

 कवळीशेठ खिशातून रुमाल काढून गाडीचा आरसा पुसू लागले. त्या आरशात सासूबाई दिसत होत्या, म्हणून दुसरा आरसा पुसायला घेतला.

"आणि आमचं काय?" लेकीचा आवाज चढला. "आमची एक बेडरूम आहे ही. तुम्ही आमच्या बेडरूमवर बसून गावभर फिरताय."

"बरी आहे बेडरूम. लिटरला तीस जाते." मग त्यांचा रुमाल थांबला. "कुठली बेडरूम?"

 सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, जावयाने बायकोकडे पाहिलं, आणि बायकोने भाजीच्या पिशवीत.

"फ्लॅट बघितलाय," जावई म्हणाला. "बयाणाही दिलाय."

"कुणाच्या जिवावर?"

"तुम्ही काही परके आहात का बाबा?"

"इतकी वर्षं होतो. बयाणा दिलात त्या दिवशी आपला झालो वाटतं."

"आता असं तोडून बोलू नका हो," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचा संसार आहे."

"असू दे की. माझ्या गाडीखाली आलाय का तो?"

जावयाचा पारा चढला. "पण मी म्हणतो, या वयात तुम्हाला ही हवी तरी कशाला? जायचंय कुठे? त्याच चार दवाखान्यांत ना?"

"त्याच चार. हिच्यावर बसलं की समोरच्याचं तोंड हलताना दिसतं, ऐकू येत नाही." एवढं बोलून कवळीशेठ फळीकडे वळले आणि सवयीने एक जोडी उचलून वरचा जबडा खालच्यावर टेकवला.

तो टेकेना. वरचा जबडा परातीसारखा पसरट होता आणि खालचा एखाद्या चिमणीचा असावा तसा निमुळता. त्यांनी दुसरी जोडी उचलली. त्यात खालच्या जबड्याला पुढचे दात होते आणि वरच्यालाही मधोमध दात होते, आणि दोघांचं एकमेकांशी भांडण असल्यासारखे ते वेगवेगळ्या दिशांना बघत होते. कवळीशेठनी चिरेवरून नख फिरवलं, वास घेतला. मग खिडकीकडे पाहिलं. ट्यूब उघडीच पडली होती.

"जावईबापू, तो हात काढा बाहेर."

"कुठला?"

"दुसरा."

जावयाने हात बाहेर काढला. अंगठ्यावर सुळा होता. चांगला टोकदार, पांढराशुभ्र.

लेकीने कपाळाला हात लावला. "अहो, आपोआप पडली म्हणालात ना? ऑफिसात असल्या अर्जावर काय लिहिता तुम्ही?"

 ऑफिसात जावई 'असंभव' असं लिहीत असे, लाल शाईने, खाली दोन रेघा मारून.

"नऊ माणसं," कवळीशेठ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट एक पायरी उतरला, आणि ते जास्त वाईट होतं. "नऊ माणसांनी आता पुन्हा जाऊन खुर्चीत बसायचं आणि पुन्हा आ करायचा. यातली एक बाई दोन महिने घराबाहेर पडलेली नाही, दात नाहीत म्हणून. तिला काय सांगू? जावयाला बेडरूम पाहिजे होती?"

"मी भरून देतो," जावई म्हणाला. "नव्या साच्यांचा सगळा खर्च माझा."

"कशातून? बयाण्यातून?"

सासूबाई पिशव्या उचलून आत गेल्या. लेक त्यांच्या मागोमाग गेली, जाताना नवऱ्याकडे न बघता. कवळीशेठनी आतून डबा आणला, सीटमागे बांधला, आणि पहिल्या दवाखान्यात तोंड दाखवायला निघण्यासाठी किल्ली लावली. जावई तसाच अंगणात उभा होता. महिनाअखेर जवळ आली होती, फ्लॅट हातचा गेल्यात जमा होता, आणि अंगठ्याला कुणाचा तरी सुळा होता. अशा अवस्थेत माणसाला निदान मुद्द्यात तरी हरू नये असं वाटतं.

तो गाडीसमोर जाऊन उभा राहिला. "माझं चुकलं, कबूल. पण माझा मुद्दा तिथेच राहतो बाबा. एकदाच सरळ सांगा, मोटारसायकलवर माणसाने किती पैसे घालणं वाजवी आहे?"

कवळीशेठनी गाडी सुरू करण्याआधी त्याला ऐकू येईल एवढा वेळ थांबून सांगितलं,

"तुम्हाला विचारावं लागत नाही, तेवढे."