कोठीच्या दारातलं गाणं

हुबळीत, आमच्या केशवापूरच्या गल्लीत मुलीचं लग्न ठरलं की लोक आधी कल्याण मंटप, म्हणजे लग्नाचं कार्यालय, बघायचे, मग आचारी ठरवायचे आणि त्यानंतर आमच्या घरी यायचे. "अक्का, तेवढी तारीख धरून ठेवा हं," एवढंच माझ्या आईला सांगायचे. कशासाठी ते बोलावं लागायचं नाही. पाठवणीचं गाणं आई म्हणायची, आणि ते ऐकून डोळे कोरडे राहिलेत असा माणूस निदान आमच्या गल्लीत तरी नव्हता. मी सोडून.

आई गाणं शिकलेली नव्हती. आवाज बारीक, वर गेला की किंचित फाटायचा. धारवाडहून गाण्यातले जाणकार पाहुणे आले असले की पहिल्या ओळीला एकमेकांकडे बघून भुवया उडवायचे. दुसऱ्या ओळीला त्यांचे रुमाल बाहेर यायचे. त्यांची ती फजिती बघायला मला फार आवडायचं.

गाणं तिच्या आजीचं. आजीला कुणी दिलं ते आईला माहीत नव्हतं.

लेक निघाली सासरी, दार लोटू नका कोणी
अजून नाही वाळलं तिच्या पावलांचं पाणी

अशी सुरुवात, आणि पुढे अंगण, गोठा, तिची सावत्र वाटणारी पण खरी सख्खी असलेली काकू, असं घरातल्या एकेकाला सांगणं. शेवटी मात्र गाणं एकदम कानडीत शिरायचं. "बर्ता इरव्वा," असं आई म्हणायची. येत राहा गं. वऱ्हाड कोल्हापूर-सांगलीकडचं असलं तर त्यांना हे कळायचं नाही, पण तोवर त्यांना कळण्याची गरजही उरलेली नसायची. देशपांडे नगरातले एक वकील दर लग्नात "हा रडारडीचा प्रकार बंद केला पाहिजे" असं जेवताना सांगायचे आणि पाठवणीच्या वेळी खांबाआड जाऊन नाक शिंकरायचे. पुढे व्हिडिओ शूटिंगवाले आले. एकदा त्यातल्या एकाने सगळी मंडळी हुंदके देत असताना आईला "अक्का, आणखी एकदा, कॅमेरा हलला," असं सांगितलं. आईने आणखी एकदा म्हटलं. लोक आणखी एकदा रडले.

आई हे गाणं कोठीच्या दारातून म्हणायची. कोठी म्हणजे मंटपातली सामानाची खोली. लाडू, तुपाचे डबे, नारळ, उपरणी, सगळं तिथं कुलपात. ती सांभाळायला विश्वासाचं माणूस लागतं, आणि ते बहुतेक वेळा विधवा असतं, कारण कोठीत बसलेली बाई मांडवात येत नाही. हे कोणी असं बोलून दाखवत नाही. "अक्कांकडे कोठी दिली की आम्ही निर्धास्त," असं गोड म्हणतात. माझे वडील मी पहिलीत असताना गेले. तेव्हापासून आईच्या पदराला दर लग्नसराईत कुणाच्या ना कुणाच्या कोठीची किल्ली बांधलेली असायची. हळदी-कुंकवाला तिला बोलावणं नसे, अक्षता टाकायला ती पुढे होत नसे, मुलीची ओटी दुसऱ्याच बायका भरत. आणि मुलगी निघाली की सगळे गप्प होऊन कोठीकडे माना वळवत. मला याचा लहानपणापासून संताप यायचा. आईला तो येत नव्हता, याचा जास्त यायचा.

मी रडत नव्हते ते काही दगडाच्या काळजाची म्हणून नाही. तांदूळ निवडताना, पायपुसणं झटकताना, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आई ते गाणं गुणगुणायची. रोजच्या आमटीचं कुणाला काय कौतुक? माझ्या लेखी ते आमच्या घरातलं एक सामान होतं. फक्त एक होतं, ते माझ्यासाठी म्हटलं जाईल तेव्हा निराळं असेल, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं. त्या दिवशी मी रडणार होते. सगळ्या गल्लीच्या वाटणीचं एकटी रडणार होते.

दरम्यान बायकांमध्ये एक समजूत तयार झाली. अक्कांनी गाऊन पाठवलेली पोर सुखात नांदते. कुणाची दावणगेरीला दिलेली, कुणाची पुण्याला, सगळ्यांचं बरं चाललं होतं. ज्यांचं चालत नव्हतं त्या माहेरी येऊन तसं सांगत नव्हत्या, एवढाच त्यात घोळ. "गाण्यात काय असतंय?" असं आई म्हणायची, पण तिला ते ऐकायला आवडायचं. बाकी कुठल्या शुभकार्यात तिला शुभ म्हणणारं होतं कोण?

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर माझं लग्न ठरलं. मिरजेचं स्थळ. शालूचा रंग, दागिने, जेवणातले पदार्थ, मी कशातही तोंड घातलं नाही. आई गाणार, एवढंच मला हवं होतं आणि ते मागावं लागेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लग्नाला आठवडा राहिला असताना आईने पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंना बोलावून गाणं शिकवायला घेतलं.

"हे काय करायलीस?" मी विचारलं.

"त्या म्हणणार आहेत तुझ्या वेळी."

"आणि तू?"

"मी नको गं."

मी भांडले. खूप भांडले. त्या बाई बिचाऱ्या चहा न घेताच उठून गेल्या. शेवटी आई म्हणाली, "दुसऱ्यांच्या पोरींची गोष्ट वेगळी. त्यांना पाठवायला त्यांच्या आया पुढं असतात, सवाष्ण. माझा नुसता गळा असतो तिथं. तुझ्या वेळी आई पण मीच आणि गळा पण माझाच. माझ्या नशिबाचं काही तुझ्या पाठीमागं यायला नको."

"इतक्या जणींच्या मागं गेलं नाही ते?"

"त्या माझ्या पोटच्या नव्हत्या."

तिने स्वतःच स्वतःला कोठीत घालून बाहेरून कडी लावून घेतली होती, आणि ती कडी मला काढता येईना.

पाठवणीला त्या बाईंनी गाणं म्हटलं. आईपेक्षा सुरात म्हटलं, हे खोटं कशाला बोलू. कोणी रडलं नाही. मधल्या कडव्याला मागच्या रांगेत कुणीतरी "जिलबी उरलीय काय?" असं विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. वकिलांनी खिशातून रुमाल काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत ठेवला. मी कोठीकडे बघितलं. आई दारात उभी होती, पदराचा बोळा तोंडात धरून. तिने हात केला. मी केला नाही. डोळ्यात पाणी येईल अशी मी वाट बघत होते, पण मला नुसता राग येत होता. माझ्या सासूच्या बहिणीने बसमध्ये चढता चढता म्हटलं, "मुलगी धीट आहे, रडली नाही." गोकुळ रोडवर कारखाने सुटायची वेळ होती. सायकलींच्या गर्दीत आमची बस अडकून पडली आणि मी माहेरच्या गावातच बसून माहेर सुटण्याची वाट बघत राहिले.

मिरजेचं फार सांगत नाही. मारहाण नव्हती, जाच म्हणावा असं काही नव्हतं. त्या घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, एवढंच. नवरा त्याच्या आईशी बोलायचा, आई त्याच्याशी, आणि मी वाढायचे. भाजी कमी पडली तरी ते एकमेकांना सांगायचे. मी भांडी घासताना कधी कधी ते गाणं म्हणून बघायचे, म्हणजे निदान माझा आवाज शाबूत आहे हे कळावं. एकदा सासूने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "कानडी काय बडबडतेस?" त्या आठवड्यात तिने माझ्याशी केलेलं ते एकच बोलणं. मी पुढची भांडी मुकाट्याने घासली. काही वर्षं काढली, आणि एक दिवस ट्रंक भरून सकाळच्या रेल्वेने हुबळीला आले. मला कोणी अडवलं नाही. अडवायला बोलावं लागलं असतं.

आईने दार उघडलं, ट्रंक बघितली. "जेवलीस काय?" म्हणाली. "हातपाय धू." बस्स. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही, तिने काही विचारलं नाही.

तिने विचारलं नाही, पण गल्लीने उत्तर शोधून ठेवलं होतं. भाजी मंडईत एका बाईने दुसरीला सांगितलं, मी ऐकावं अशा बेताने: "दुनियेच्या पोरी गाऊन पाठवल्या, आणि स्वतःची पाठवली मुकी. कसं नांदणार?" मी घरी येऊन हे आईला चिडून सांगितलं. हसण्यावारी नेईल असं वाटलं होतं. ती भेंडी पुसत होती. पुसतच राहिली. म्हणाली, "खरंच आहे की."

तेव्हा मला कळलं, की हे तिने गल्लीच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

मी तिला समजावलं. मिरजेच्या त्या माणसांना गाण्याने काही झालं नसतं, त्यांच्यासमोर बँड वाजवला असता तरी ती एकमेकांकडेच बघून बोलली असती. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुला काय ठाऊक." त्यानंतर ती कुठल्याच लग्नात गायली नाही. कोणी तारीख सांगायला आलं की गळ्याला हात लावायची, आवाज बसलाय म्हणायची. दोन-तीनदा आग्रह झाला. मग आग्रह थांबला, मग बोलावणं थांबलं. तोवर मंटपांमधून सीडी लावायची पद्धत पडली होती. बटण दाबलं की सनईसकट रडू हजर. आईची उणीव कुणालाच भासली नाही. हे मी रागाने लिहितेय, पण तेव्हा मला रागापेक्षा भीती वाटली होती, ती अशीच कायमची गप्प होईल याची.

घरातही ती गुणगुणेनाशी झाली. मी एका दवाखान्यात नंबर लावायचं आणि केस पेपर काढायचं काम धरलं होतं. दिवसभर आजारी माणसांशी बोलून संध्याकाळी घरी यायचे आणि दोघी टीव्हीसमोर बसायचो. मालिकेतल्या बायका ढसाढसा रडत, आम्ही दोघी कोरड्या. मिरजेत मी एकटी होते ते समजण्यासारखं होतं. इथं, जगात माझं एकुलतं एक जे माणूस, त्याच्या शेजारी बसून मी तितकीच एकटी होते. तिला वाटायचं तिने माझं वाटोळं केलं. मला वाटायचं मी परत येऊन तिचा गळा बंद केला. हे आम्ही एकमेकींना सांगत नव्हतो आणि "उद्या भाजी काय करायची" यावर मात्र अर्धा अर्धा तास बोलत होतो.

एका रविवारी दुपारी शेजारच्या मंटपात लग्न होतं. पाठवणीची सीडी लागली, आणि मोठ्या कर्ण्यातून कुणीतरी बाई दाटून आलेल्या गळ्याने सबंध केशवापूरला माहेर सोडायला लावू लागली. आई खाली बसून शेंगदाण्यांची सालं पाखडत होती. मी वर्तमानपत्र वाचत होते. सूप मध्येच थांबलं. ती ऐकत होती. तिचे ओठ हलतात की काय असं मला वाटलं.

मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारून टाकलं. "आई, तुझं गाणं म्हण ना. माझ्यासाठी. एकदाच."

मग तिने सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला, अगदी कोठीच्या दारात उभी राहायच्या आधी करायची तसा. मला खरंच वाटलं, आता म्हणते. तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"नको," ती म्हणाली. "ते जाणाऱ्या पोरीचं गाणं आहे. तू आता कुठं चाललीस?"

रागाने नव्हे, समजावून सांगावं तशी म्हणाली. मला फार बरं वाटलं आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं. मला आता कुणी कुठे पाठवणार नव्हतं. मला आता कुठे जायचंही नव्हतं. ते गाणं माझ्यासाठी कधीच म्हटलं जाणार नव्हतं. मी तिथंच, वर्तमानपत्रावर, गुडघ्यात डोकं घालून रडायला लागले. हुंदके आवरेनात. बाहेरची सीडी संपली, गाड्यांचे हॉर्न वाजले, वऱ्हाड गेलं, तरी माझं चालूच होतं.

आई घाबरून जवळ सरकली. सालं लागलेला हात तिने माझ्या पाठीवर ठेवला.

"अगं, रडायलीस कशाला?" ती म्हणाली. "मी कुठं म्हटलं गाणं?"