एक्केचाळीस अंशातली हुडहुडी

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. नजर लागणं, अंगात येणं, उतारा टाकणं असलं काही कुणी स्टाफरूममध्ये काढलं, की त्यांना गप्प करणारी मीच. म्हणून हे लिहायला एवढे दिवस लागले. हसणार असाल तर हसा... पण सगळं वाचून मग हसा.

आम्ही मलकापूरला राहतो. कराडला लागूनच. माझे मिस्टर इकबाल, त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात, एका सोमवारी सकाळी, शेतावरची मोटार बघायला जाताना त्यांची गाडी घसरली. डोक्याला मार. हॉस्पिटलात नेईपर्यंत शुद्ध नव्हती.

मंगळवारपर्यंत डॉक्टर म्हणत होते, सूज आहे, बघू. बुधवारी सकाळी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, ह्यांचं टेंपरेचर खाली चाललंय. साडेतेहतीस."

नेहमीचं सदतीसच्या आसपास असतं. मी म्हटलं, "एसी बंद करा ना मग."

"बंदच आहे. गरम हवेचं ब्लँकेट घातलंय, सलाईनसुद्धा कोमट करून देतोय. पण मेंदूत तळाशी एक छोटा भाग असतो, शरीराची उष्णता तो सांभाळतो. थंडी वाजली की तोच स्नायूंना हुकूम देतो – थरथरा. स्नायू साखर जाळतात आणि अंग गरम होतं. ह्यांच्याकडून तो हुकूमच निघत नाहीये."

खरंच, ह्यांचा हात फ्रीजमधून काढल्यासारखा होता, आणि अंगावर साधा काटासुद्धा नाही. अजून खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतील, असं डॉक्टर म्हणाले. मला आत थोडा थोडा वेळ बसू देत होते. माझी सवय... पर्समधल्या वहीत मी आकडे लिहून ठेवायला लागले.

त्याच दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी आकडा चढायला लागला. चौतीस. पस्तीस. पावणेएकपर्यंत छत्तीस. मग पुन्हा हळूहळू खाली.

सिस्टर म्हणाली, "ब्लँकेटचं सेटिंग कुणी हलवलं का?"

कुणीच नव्हतं हलवलं. गुरुवारी दुपारी तीन चाळीसला पुन्हा तसंच. त्यांनी वायर बदलली, सेन्सर बदलला. शुक्रवारी सकाळी साडेनऊला पुन्हा! आणि दरवेळी हे तसेच, निपचित. थरथर नाही, ताप नाही. उष्णता येत कुठून होती?

शुक्रवारी दुपारी पलूसवरून फोन आला. नाझनीनचा. नाझनीन म्हणजे शमीमआपाची मुलगी, आणि शमीमआपा ही इकबालची सख्खी मोठी बहीण. आठ वर्षं दोघांचं बोलणं बंद. माझे सासरे आपाकडे असताना वारले, ह्यांना निरोप उशिरा मिळाला, दफनाला पोचता आलं नाही. आपानं मुद्दाम कळवलं नाही, हे ह्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. "माझं काय झालं तरी तिला सांगायचं न्हाई," असं मला बजावलेलं. म्हणून मी अपघाताचंही कळवलं नव्हतं.

"मामी, मामू बरं हायेत न्हवं?" नाझनीननं विचारलं.

मी म्हटलं, "का गं?"

"अम्मी सारखी विचारतीया. तिला बुधवारपासून हुडहुडी भरती. हितं एक्केचाळीस डिग्री ऊन हाय, आन् ती दोन गोधड्या घिऊन दात वाजवतीया. धड जेवत बी न्हाई. रक्त तपासलं, मलेरिया न्हाई, कायबी न्हाई."

"ताप किती?"

"तेच तर! ताप न्हाईच. अठ्ठ्याण्णव. एवढं थरथरून बी अंग गरम हुईना. डॉक्टर म्हणतेत, असं कधी बघितलं न्हाई."

मी विचारलं, "किती वाजता भरते गं?"

"टाइम न्हाई. बुधवारी अकराच्या पुढं. काल मी कामावरनं आले तवा, साडेतीन-पावणेचारला. आज नाश्ता झाल्यावर."

मी वही उघडली आणि तिथंच जिन्यात बसले. दीड-दोन तास माणूस थरथरतं तेव्हा केवढी उष्णता तयार होते, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. ती नाहीशी होत नाही. कुठंतरी जावीच लागते. पण मी स्वतःला म्हटलं, योगायोग. आणि नाझनीनला म्हटलं, "मामू बरे आहेत." खोटं बोलले.

शनिवारी सकाळी दहाला ह्यांचा आकडा चढायला लागला. मी काचेबाहेर उभी. पस्तीस पूर्णांक दोनवर असताना तो थांबला आणि झपाझप उतरला. चौतीस... तेहतीस... मॉनिटर ओरडायला लागला. डॉक्टर धावले, मला मागं सारलं. तेवढ्यात फोन वाजला.

"मामी," नाझनीन रडत होती, "डॉक्टरनी थरथर थांबवायची सुई दिली. थांबली बी. पण अम्मी वरडाय लागली, इकबाल गारठला म्हणून! आता पुन्यांदा थरथर सुरू झालीया. दुसरी सुई द्यायची का, डॉक्टर विचारतेत. साखर बी लय उतरलीया तिची."

काचेपलीकडं डॉक्टर ह्यांच्या छातीवर वाकले होते. मी काय करतेय ते मला कळत होतं. आपा साठीची, चार दिवस पोटात धड अन्न नाही. तरी मी म्हटलं,

"थांबा. सुई देऊ नका."

हे मी आजवर एकीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

अर्ध्या तासात ह्यांचा आकडा पुन्हा चौतीसच्या वर आला. मी बाहेर येऊन फोन लावला, आपाला द्यायला सांगितलं आणि अपघातापासून वहीतल्या वेळांपर्यंत सांगून टाकलं. पलीकडून फक्त दात वाजल्याचा आवाज.

मग आपा म्हणाली, "मला कळवलं न्हाईस."

"तेच नको म्हणाले होते, आपा."

"आब्बा बी तसंच म्हणालं हुतं गं. त्याला कशाला पळवताय, उद्या बरा हुईन म्हणालं... मी ऐकलं त्यांचं." थांबून म्हणाली, "मी येती."

पलूसच्या डॉक्टरांनी नको म्हटलं असतानाही ती आली. रविवारी अकराच्या भेटीच्या वेळेला, एका बाजूनं नाझनीन, दुसऱ्या बाजूनं आपाचा नवरा, अशा आधारानं. तिला बघून मी दचकले. गालफडं आत गेलेली, हाताला सलाईनची सुई तशीच, खांद्यावर शाल. दारातच तिला थंडी भरली. सिस्टर म्हणाली, "ह्यांना इन्फेक्शन असेल, आत नाही सोडता येणार." मी हात जोडले. दोन मिनिटं मिळाली.

आपा स्टुलावर बसली. ह्यांचा हात हातात घेतला. तिच्या थरथरीनं ह्यांचा हातही हलत होता. ती एवढंच म्हणाली,

"आरं, आता तू थरथर की. माझ्यानं हुईना झालंय."

मी मॉनिटर बघत होते, म्हणून आधी लक्षात आलं नाही. सिस्टरच ओरडली, "डॉक्टर, फिट येतीय!" ह्यांची हनुवटी हलत होती. मग खांदे. मग मांड्या, पलंगासकट. डॉक्टरांनी पापण्या उघडून बघितल्या, दंडाला हात लावला आणि म्हणाले, "फिट नाही... हे शिव्हरिंग आहे. स्वतःहून थरथरतायत!"

मी आपाकडं बघितलं. तिचे हात अगदी स्थिर होते. कपाळावर घाम फुटला होता. तिनं शाल काढून नाझनीनकडं दिली.

तिला पुन्हा हुडहुडी भरली नाही. ह्यांना त्यानंतर सहाव्या दिवशी शुद्ध आली. आज दुकानात जातात, बोलणं जरा संथ झालंय एवढंच. डॉक्टर म्हणतात, सूज उतरली की मेंदूतला तो भाग कधीकधी परत काम करतो. पलूसचे डॉक्टर म्हणतात, आपाला मानसिक ताण होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. पण माझ्या वहीतल्या वेळा, आणि आपाचा अठ्ठ्याण्णववरच राहिलेला पारा... दोघांनाही मी विचारलं. दोघांनीही विषय बदलला.

ईदला आपा आमच्याकडं आली होती. स्वयंपाकघरात दोघीच असताना मी सांगून टाकलं, की त्या दिवशी सुई नको असं मी म्हटलं होतं. तिच्या जिवाचा विचार न करता.

ती कांदा चिरत होती. वर न बघता म्हणाली, "तू म्हणली नसतीस तरी मी घितली नसती. थंडी त्याला वाजत हुती. मला कळत हुतं."

"कसं कळत होतं, आपा?"

तिनं सुरी खाली ठेवली. खरंच विचार केला.

"काय की बाई," म्हणाली. "मला बी सांगता यायचं न्हाई."