बर्फात उभी मुलगी

पेडण्यात आमच्या शेजारी पंचायतीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकटेच राहतात. संध्याकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजून गेला की ते इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसतात आणि व्हिडिओ गेमचं यंत्र चालू करतात. खेळत मात्र नाहीत.

त्यांची मुलगी परदेशात नर्स आहे. जाताना तिने हातात मावणारं यंत्र नेलं, टीव्हीचं इथे ठेवलं. दोन्ही इंटरनेटवरून तिच्या एकाच खात्याला जोडलेली, त्यामुळे ती तिकडे खेळ जिथे थांबवते, तिथूनच तो इथे उघडतो, आणि इथला तिकडे. खेळातल्या मुलीने आज कुंपण घातलं, आज मासे पकडले, एवढं पाहून ते टीव्ही बंद करतात. फोन तिचा क्वचितच येतो.

"तुम्हीपण खेळा की," मी एकदा म्हटलं.

"नको, मास्तर. तिना ठेवलाहा तसा रवांदे."

एकदा मी गेलो तेव्हा पडद्यावरची मुलगी घराबाहेर बर्फात उभी होती. ते बराच वेळ बघत राहिले. मग पहिल्यांदाच त्यांनी बटणं दाबली. मुलगी झाडावर आपटली, विहिरीभोवती फिरत राहिली. त्यांना घाम फुटला, पण शेवटी तिला घरात नेऊन त्यांनी अंथरुणात झोपवलं.

रविवारी माझ्यासमोरच फोन आला. "बाबा, मी तिला बाहेर सोडलं होतं. ती आत कशी गेली?"

"तूच नेली असशीत, बाय. दमून विसारलीस."

"असेल," ती म्हणाली.

फोन ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगितला तर थंय एकटीच रडत बसतली."