सर्व्हर परदेशात, कापूस आर्णीत

अर्थशास्त्राच्या मास्तरकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं माझ्या बायकोचंही मत होतं. मग बोंडअळीच्या वर्षी आर्णीत आम्ही रविवारचं अभ्यासमंडळ सुरू केलं आणि दर आठवड्याला मी एक तरी किस्सा घरी न्यायला लागलो.

विषय होता डिजिटल व्यापाराचे नियम. पहिल्या रविवारी अर्धा तास बोललो. काही देशांना वाटतं, डेटा कुठंही जाऊ द्यावा, त्यावर सीमेवर कर नसावा, आणि सॉफ्टवेअर आतून कसं चालतं ते कोणत्याही सरकारनं विचारू नये.

कापूसवाले देवरावकाका म्हणाले, "म्हणजे गाडी नाक्यावरून जाईन, पण ताडपत्री उचलून पाहाची नाही. असंच ना?"

आता कॉलेजातही मी एवढंच शिकवतो.

*

आमच्या मंडळातल्या फुलसावंगीच्या विमलताईंनी एका ॲपवर कपाशीचा फोटो टाकला. उत्तर आलं, 'पीक निरोगी.' ताईंनी बोंड फोडलं, तर आत अळी. हेल्पलाइनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे कसं ठरते ते आम्हालेही माहीत नाही. सर्व्हर परदेशात आहे."

"मंग त्याले म्हणा, एक दिवस वावरात ये."

ताई थांबल्या नाहीत. कृषी सहायकाला बोलावलं, सापळे लावले, बरंच पीक वाचवलं.

*

पुढं त्या ॲपच्या कंपनीचा माणूस गावात आला. ताईंनी ॲपनं साठवलेली आपल्याच वावराची माहिती मागितली. तो म्हणाला, "हेड ऑफिसची परवानगी लागेल."

"माह्या वावराचा सातबारा मले तलाठी देते. तुम्ही त्याच्याहून मोठे काय?"

सगळे हसले. तोही हसला, आणि चहा घेऊनच गेला.

*

सरकारनं डिजिटल व्यापाराच्या या नियमांवर मतं मागवली, तेव्हा आम्ही ऑनलाइन फॉर्म भरला. मागणी एकच: ॲप तपासायचा हक्क आपल्या देशानं सोडू नये. 'आपण कोण?' या रकान्यात पर्याय होते कंपनी, उद्योगसंघ, इतर.

काका म्हणाले, "इतर दाबा. जलमभर तेच हाओत."

*

मग यवतमाळला याच विषयावर चर्चासत्र झालं. विमलताई घाबरलेल्या होत्या. आमची मागणी ऐकून बाहेरून आलेले एक तज्ज्ञ समजुतीनं म्हणाले, "ताई, ॲपचा कोड तुम्हाला दाखवला तरी त्यातलं काय कळणार?"

ताई उभ्या राहिल्या. "साहेब, डॉक्टरचं अक्षर मलेही वाचता येत नाही. मेडिकलवाल्याले येते. म्हणून चिठ्ठी तं मी मांगीनच."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "ताई, परत सांगा."