चिमाकाकूचा विलायती पंखा

निरोप घेऊन आला तो आमच्या खालापूरच्या शेजाऱ्यांचा गडी. कर्जतच्या शाळेत मुलांना पाढे म्हणायला लावून मी डुलकी घेत होतो. "मास्तर, चिमाकाकू गेली तुमची," तो म्हणाला. अशा वेळी माणसाला रडू येतं. मला राग आला, आणि महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही. माझा राग हा घरात चेष्टेचा विषय आहे. बायको म्हणते, तुम्ही रागावलात की मांजर मांडीवर येऊन बसतं. या खेपेला मात्र मांजर उंबऱ्याबाहेरच थांबलं आहे.

आम्ही ओतारी. मूर्ती, समया, देवळाच्या घंटा ओतणं हा घरचा धंदा. सामाईक परसातली भट्टी माझे धाकटे काका चालवत आणि साचे काकूच्या हातचे असत. मलाही शिकवायचा प्रयत्न झाला होता. मी भाता ओढताना स्वतःचं धोतर पेटवलं आणि मला मास्तरकी करायला पाठवण्यात आलं. काका ऐन उमेदीत वारले. काकूने भट्टी पुन्हा पेटवली तेव्हा गावाला आठवण झाली, की विधवेच्या हातचा देव पूजेला चालत नाही. काका होते तेव्हा त्याच हातांचे साचे चालत होते, पण ते कुणाला विचारायचं? आमचे थोरले चुलते अण्णा म्हणाले, "भट्टी बुजवू या. गोठा हुईल तिथं." काकू एवढंच म्हणाली, "मला दुसरं काय येतं, भावजी?"

अशात एके दिवशी आपट्याच्या बंदरातून बैलगाडी आली. गाडीत आगबोटीचा पितळी पंखा आणि शेजारी बोट हाकणारा दाऊद सारंग. खाडीतल्या खडकावर आपटून पंख्याचं एक पातं मोडलं होतं, आणि काकांकडून ते सांधून घ्यावं म्हणून तो आला होता. काका गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. तो गाडी वळवू लागला. तेवढ्यात काकू पडवीत आली.

"भाऊ, ह्ये पूजेला लागतं का?"

"नाय गं बाय. पान्यात फिरतं."

"मंग ठेव हितंच."

मी सुटीला आलो होतो म्हणून ते काम मला पाहायला मिळालं. काकूने चांगल्या पात्यावर माती थापून त्याचा ठसा घेतला, तो साचा मोडक्या पात्याच्या थोटकाशी बसवला, थोटूक लाल होईतो तापवलं आणि वर रस ओतत राहिली, जुनं पितळ विरघळून नव्याशी एकजीव होईपर्यंत. मग दोन दगडांवर सळई टाकून पंखा टांगला. जड पातं खाली येई. ती कानशीने घासायची, पुन्हा फिरवायची. शेवटी पंखा फिरवावा तिथे थांबू लागला. "आता बोट थरथरनार नाय," ती म्हणाली. मी विद्वानासारखी मान हलवली. तिने कानस माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मान हालवू नगं रं, हात हालव."

मग पुढे पंखेच येत राहिले. वाकलेले, चिरलेले, पातं गमावलेले. काकू त्यांच्यावर जगली, आणि चांगली जगली. अण्णांना ते बघवेना. त्यांनी पनवेलला जाऊन बोटीच्या शेठच्या कानावर घातलं, की तुमच्या बोटीचा पंखा पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचा आहे. काकूने त्याच सुमारास, सांधायचं सोडून, एक सबंध नवा पंखा ओतून ठेवला होता. तो न्यायला आलेला दाऊद खाली मान घालून उभा राहिला.

"शेठ नको म्हंतो, बाय."

"बोट बुडाली का रं माझ्या पंख्यानं?"

"नाय. पन लग्नाची वऱ्हाडं बसत्यात म्हंतो."

"वऱ्हाडाला सांग, नवरीच्या मंगळसूत्राचं मनी कुनी घडवलं त्ये बी इचारून घ्या!"

मग तिने दाऊदला आत बोलावून काहीतरी सांगितलं. मोडीत घालतो म्हणत तो पंखा घेऊन गेला. त्यानंतर भट्टी पेटली नाही. काकू भात्याला हात लावायला गेली की अण्णा दारात येऊन उभे राहत. काकू लोकांची भातं कांडू लागली. ती तापाने गेली असं सगळे म्हणतात. म्हणोत.

तेराव्याला अण्णांनी पंगतीत भाषण केलं. सुनेने घराण्याचं नाव राखलं म्हणे! मग जिलबी आली तशी गाडी त्यांच्या लेकीच्या लग्नावर गेली. "मुंबईचं वऱ्हाड शेठच्या बोटीनं आनलं. विलायती पंखा बसवलाय त्यानं. पोटातलं पानी हालत नाय!"

पडवीच्या टोकाला बसलेल्या दाऊदला ठसका लागला. मी त्याला पाणी द्यायला गेलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "बायचाच पंखा हाय त्यो, मास्तर. विलायतेचा म्हनून लाव, असं तीच बोलली. लिवाल-बिवाल कुठं, तर बोटीचं नाव नको. माझी भाकर जाईल."

ही गोष्ट मी ज्याला सांगतो तो हसतो. काय फजिती केली म्हातारीनं, म्हणतो. मला हसू येत नाही. बाईने आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम केलं आणि ते चालावं म्हणून त्यावरचा स्वतःचा हात पुसून टाकला... यात हसायचं काय आहे? आणि मी तरी काय करतो आहे? बोटीचं नाव लिहीत नाही. शेठचंही नाही. रागावलेला मास्तर असा असतो.

परवा सुटीला मी खालापूरला आलो, तर अण्णांनी गोठ्यासाठी गडी बोलावले होते. परसात माझ्या वडिलांचा हिस्सा आहे, हे मला जन्मात पहिल्यांदा आठवलं. मी भट्टीच्या खड्ड्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो आणि नाही म्हणालो.

"तू पंखे ओतनार हायेस का रं?" अण्णा म्हणाले.

"नाही."

"मंग खड्डा कशाला पायजे?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "वळसा घालायला."

गडी हसले आणि परत गेले. खड्डा बरोबर वाटेत आहे. विहिरीवर जायचं तर त्याच्या कडेकडेनेच जावं लागतं. आज सकाळी मी पडवीत चहा पीत बसलो होतो. अण्णा तांब्या घेऊन निघाले, खड्ड्यापाशी थांबले, माझ्याकडे बघून एक शिवी दिली... आणि वळसा घालून गेले.