काकवी, काळपुळी आणि धावरं

दवाखान्यातलं मिक्श्चर संपायचं, किस्से काही संपायचे नाहीत! पेनिसिलिन नवीन होतं, तेव्हा मी महाडला आमच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो.

डॉक्टर माझ्याकडून रोज घोकून घ्यायचे, "गळवाला तोंड एक. काळपुळीला चाळणीसारखी अनेक. धावऱ्याला तोंडच नाही, ते नुसतं लालभडक पसरतं." मी बिचारा पाठ करायचो. पेशंटना गरजच नव्हती. ते घरूनच निदान घेऊन यायचे, "उष्णता!"

*

पोलादपूरच्या एका गुरुजींनी चार पोरांना काकवी चोरली म्हणून बदडलं. पुरावा काय, तर नाकातोंडाभोवती मधाच्या रंगाच्या खपल्या! वर आपल्याच रुमालाने चौघांची तोंडं खसाखसा पुसली आणि त्याच रुमालाने स्वतःचा घाम टिपला. शिस्त म्हणजे शिस्त!

आठवड्याने गुरुजी दवाखान्यात. मिशीखाली तश्शाच खपल्या.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि शांतपणे विचारलं, "काकवी चांगली होती ना, गुरुजी?"

*

बाजारपेठेतल्या एका कापडवाल्या शेठजींच्या मानेवर काळपुळी झाली. पाच-सहा तोंडांतून पू येत होता. डॉक्टर म्हणाले, "आधी लघवी तपासू."

शेठजी भडकले, "दुखतंय वर आणि तुम्ही बघताय खाली?"

मी परीक्षानळीत निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून तापवली. विटेसारखा लाल रंग! भरपूर साखर. डॉक्टरांनी गोड बंद केलं. शेठजी दारापर्यंत गेले, परत आले. "डॉक्टर, पेढा खव्याचाच असतो ना?"

*

दासगावची एक बाई नखुरडं झालं म्हणून बोट लिंबात खुपसून आली. आठ दिवसांचं लिंबू! खोलीत उभं राहवेना. बाई काढू देईना. "काढू नुको, आत पिकतंय!"

डॉक्टर म्हणाले, "पिकलंय छान. मीठ लावू का?"

*

आता वरंधचा सखाराम. त्याचा पाय वाचला म्हणून हसत सांगतोय, तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

काटा रुतून घोट्याजवळ धावरं उठलं होतं. पाय गरम, टरटरून सुजलेला, अंगात हुडहुडी. डॉक्टर म्हणाले, "इथेच राहा." सखाराम म्हणाला, "मग लावणी कोण करील?"

शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि शाईच्या पेन्सिलीने लालीभोवती रेघ मारली. बायकोला बजावलं, "वहिनी, लाली या रेघेबाहेर गेली की तडक घेऊन या. नाहीतर पाय कापावा लागेल!"

"जायाची नाय भायेर," ती म्हणाली.

चार दिवस कोणी फिरकलं नाही. आम्ही खूश, औषध लागू पडलं! पाचव्या दिवशी सखाराम डोलीतून आला. तापात बरळत होता, लाली मांडीवर पोचलेली.

डॉक्टर ओरडले, "रेघ ओलांडली की आणा म्हणालो होतो ना?"

"ओलांडली कुठं?" बायको फणकारली. "रोज सकाळी लालीच्या म्होरं मीच नवी रेघ मारते. एकदाबी भायेर जाऊ दिली नाय!"